काटोल मार्गावरील हौशी सायकल शर्यत : क्लबसोबत उतरून केलेले परीक्षण

रस्त्यावरच्या सायकल शर्यतीचे प्रवेशशुल्क भरले की टी-शर्ट, पदक, पोहे आणि छायाचित्रे मिळतात. परंतु आपण ते शुल्क खरे तर रस्त्यासाठी भरलेले असते. एरवी ट्रक, एसटी, ट्रॅक्टर आणि दुचाकींचा असलेला रस्ता काही तास निर्धास्तपणे, पूर्ण वेगाने आणि सोबत्यांच्या चाकाला चाक लावून वापरता यावा, एवढीच त्यामागची अपेक्षा असते. डिसेंबरमध्ये नागपूर–काटोल मार्गावर झालेल्या हौशी शर्यतीचे परीक्षण मी मुख्यतः याच कसोटीवर करणार आहे. आमच्या क्लबमधून पुरुषांच्या, महिलांच्या आणि हायब्रिड सायकलींच्या अशा तिन्ही गटांत सदस्य उतरले होते, त्यामुळे शर्यतीच्या पुढच्या टोकाला काय घडले आणि अगदी शेवटच्या सायकलस्वाराच्या वाट्याला काय आले, हे दोन्ही आम्हाला प्रत्यक्ष कळले. पुढच्या टोकाला ही शर्यत उत्तम होती. मागच्या टोकाला ती तशी नव्हती आणि त्याबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. आयोजक संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण येथे मांडलेले प्रश्न या एकाच संस्थेचे नाहीत.

नागपुरात सायकलिंगची आवड नवी नाही. थंडीच्या दिवसांत भल्या पहाटे फुटाळा, अंबाझरी आणि सेमिनरी हिल्सच्या रस्त्यांवर सायकलींचे दिवे दिसू लागतात आणि रविवारी तर काटोल, उमरेड, वर्धा अशा सर्व मार्गांवर टोळक्या निघतात. डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने, १२ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली, तेव्हापासून या शहरात लांब पल्ल्याच्या सायकलिंगला विशेष मान मिळाला. त्या मानाचा एक परिणाम असा, की आपल्याकडे सायकलपटू प्रामुख्याने ब्रेव्हेच्या, म्हणजे ठरावीक मुदतीत लांब अंतर पूर्ण करण्याच्या सायकल उपक्रमाच्या, शिस्तीत घडले. २०० किलोमीटरची ब्रेव्हे १३ तास ३० मिनिटांत पूर्ण करायची असते आणि तिच्यात क्रमांक दिले जात नाहीत. चिकाटी, स्वतःची सोय स्वतः करण्याची सवय आणि झोपेशी झगडण्याची तयारी या गोष्टी त्यातून नक्कीच येतात. मात्र शंभर जणांच्या घोळक्यात, पुढच्या चाकापासून वीतभर अंतर ठेवून, ताशी ४० किलोमीटर वेगाने वळण घेण्याचे कौशल्य त्यातून येत नाही. म्हणूनच सर्वांना एकत्र सोडणारी, ड्राफ्टिंगला, म्हणजे दुसऱ्याच्या मागे हवेच्या आडोशाला राहून चालवण्याला, परवानगी असलेली खरी रोड रेस नागपुरात व्हावी, ही अनेक क्लबांची इच्छा होती. या शर्यतीने ती पूर्ण केली आणि त्यासाठी आयोजकांचे आभार मानायला हवेत.

ड्राफ्टिंगचे महत्त्व न जाणणाऱ्या वाचकासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. सपाट रस्त्यावर वेग वाढत जातो तसा सायकलस्वाराचा बहुतेक जोर हवा कापण्यात खर्च होतो. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. दुसऱ्याच्या मागे नीट आडोशाला राहिल्यास यातील बराच मोठा भाग, साधारण एक तृतीयांश शक्ती, वाचू शकते. त्यामुळे रोड रेसमध्ये सर्वांत बलवान माणूसच जिंकतो असे नाही. ज्याच्यासाठी सोबत्यांनी हवा अंगावर घेतली, तो शेवटच्या किलोमीटरला ताजा राहतो. याच कारणाने ही शर्यत क्लबसोबत करण्याची आहे. आयोजकांनी सांघिक क्रमवारी ठेवली होती आणि तिच्यात क्लबच्या चार जणांपैकी पहिल्या तिघांच्या वेळा धरल्या जात होत्या. हा नियम मला फार आवडला, कारण त्यामुळे चौथ्या माणसाला स्वतःचा क्रमांक बाजूला ठेवून इतरांसाठी झिजण्याचे अधिकृत कारण मिळते.

नोंदणीची व्यवस्था चोख होती. ६० किलोमीटरच्या रोडबाइक गटाचे शुल्क १,२०० रुपये होते आणि नियमपत्र मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत उपलब्ध होते. आदल्या दिवशी बिब (अंगावर लावायचा स्पर्धक क्रमांक) आणि वेळ नोंदवणारी चिप देताना प्रत्येक सायकल तपासली गेली. ब्रेक, टायरची अवस्था, हँडलच्या टोकांना बूच आहे की नाही आणि हेल्मेटचा पट्टा, हे सर्व स्वयंसेवकांनी हाताने पाहिले. हँडलवर एरोबार (पुढे झुकून कोपरे टेकवण्याचे दांडे) लावलेल्या सायकली सामूहिक सुरुवातीच्या शर्यतीत चालत नाहीत. घोळक्यात हात ब्रेकपासून दूर असणे धोक्याचे असते, म्हणून जगभर हा नियम आहे. येथेही तो पाळला गेला आणि एका नाराज स्पर्धकाला एरोबार तिथेच काढावे लागले. हेल्मेटच्या बाबतीत तर अजिबात सवलत नव्हती, आणि ती नसावीच. व्यावसायिक शर्यतींमध्येही हेल्मेट सक्तीचे झाले ते २००३ मध्ये, पॅरिस–नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव्ह या सायकलपटूचा पडून मृत्यू झाल्यानंतर. हौशी लोकांनी तो धडा पुन्हा नव्याने शिकण्याची गरज नाही.

तारीख आणि वेळ या दोन्ही गोष्टी विचार करून ठरवलेल्या दिसल्या. डिसेंबरमध्ये नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असते तेव्हा पोलीस बंदोबस्त आणि वाहतुकीतील बदल यांमुळे शहराची यंत्रणा गुंतलेली असते. तो काळ टाळून रविवार निवडला होता. सुरुवात सकाळी सात वाजता होती. डिसेंबरच्या मध्यात नागपुरात सूर्योदय पावणेसातच्या सुमारास होतो. मॅरेथॉनच्या धर्तीवर अंधारात सुरुवात करण्याचा मोह अनेक आयोजकांना होतो, कारण तेव्हा वाहतूक कमी असते. परंतु धावणाऱ्याला चालणारा अंधार घोळक्यातल्या सायकलस्वाराला चालत नाही. समोरच्या चाकापुढे खड्डा आहे की नाही, हे दिसलेच पाहिजे. थंडी मात्र कडक होती आणि सुरुवातीच्या रेषेवर सगळे आर्म वॉर्मर आणि विंडचीटर घालून हात चोळत उभे होते.

फेटरीच्या पुढून निघून, कळमेश्वर ओलांडून, काटोलच्या दिशेने ३० किलोमीटरवर यू-टर्न घ्यायचा आणि त्याच मार्गाने परत यायचे, असा मार्ग होता. हायब्रिड आणि एमटीबी (डोंगरी सायकली) गट कळमेश्वरच्या थोड्या पुढूनच वळत होता. मार्गाची निवड मला योग्य वाटते. वर्धा आणि अमरावती हे दोन्ही मार्ग अवजड वाहनांनी इतके भरलेले असतात, की तिथे काही तासांसाठीही रस्ता मागणे अवघड आहे. समृद्धी महामार्गावर तर सायकललाच काय, दुचाकीलाही प्रवेश नाही. काटोल मार्गावर रविवारी सकाळी त्या मानाने शांतता असते, लहान लहान चढ-उतार असल्याने पाय जागे राहतात आणि कळमेश्वरच्या पुढे संत्र्याच्या बागा आणि कपाशीची शेते लागतात. या दिवसांत अंबिया बहाराची संत्री उतरत असतात आणि कापसाची वेचणीही चालू असते, त्यामुळे ट्रॅक्टर-ट्रॉली आणि छोटे मालवाहू टेम्पो भल्या सकाळीच रस्त्यावर येतात. आयोजकांनी याची दखल घेऊन आदल्या आठवड्यात मार्गावरच्या गावांमध्ये फलक लावले होते. फलकांवर रस्ता किती वाजेपर्यंत बंद राहील हे लिहिलेले होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही एकच माहिती महत्त्वाची आहे आणि बहुतेक कार्यक्रमांच्या फलकांवर नेमकी तीच नसते.

रस्त्याच्या पृष्ठभागाबद्दल दोन शब्द. नागपूरकर सायकलपटूला सिमेंट रस्त्यांच्या जोडांची ओळख करून देण्याची गरज नाही. रस्त्याच्या लांबीच्या दिशेने जाणारी फट २५ मिलिमीटरच्या टायरला पकडून ठेवते आणि घोळक्यात एकाचे चाक अडकले, की मागचे पाच-सहा जण त्याच्यावर येतात. मार्गावर अशा फटी, गतिरोधक आणि रम्बलरच्या पट्ट्या जिथे जिथे होत्या, तिथे आयोजकांनी पन्नास मीटर आधी भगव्या रंगाच्या खुणा केल्या होत्या आणि मोठ्या गतिरोधकांजवळ शिट्टी व झेंडा घेतलेला माणूस उभा होता. पहिल्या वर्षी इतकी काळजी घेणारी शर्यत मी पाहिलेली नाही.

प्रत्यक्ष शर्यतीचा अनुभव मी थोडा विस्ताराने सांगतो, कारण आयोजनाचा बराचसा गुण तिथेच उमटला. पहिले तीन किलोमीटर पायलट गाडीच्या मागे, ठरावीक वेगाने, कुणीही पुढे न जाता चालवायचे होते. घोळका सैल होऊन आपापल्या जागी बसावा, हा त्यामागचा हेतू होता आणि तो साधला. झेंडा खाली आल्याबरोबर पाच-सहा जण सुटले. आमच्या क्लबमधील ज्येष्ठ सदस्य, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांनी आदल्या रात्री एकच गोष्ट बजावली होती : "सुरुवातीला कोणी गेला तर जाऊ द्या. कळमेश्वरपर्यंत वाऱ्याला लागायचं नाही." आम्ही चौघे घोळक्याच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात, रस्त्याच्या आतल्या बाजूला, एकमेकांच्या मागे राहिलो. सुटलेले सर्वजण कळमेश्वरच्या आधीच परत घोळक्यात आले. काकांचा हा सल्ला क्लबच्या रविवारच्या सरावात महिनोन्‌महिने घोटलेला होता. पुढच्याने खड्डा दिसताच हाताने खूण करायची, ती खूण शेवटपर्यंत पोहोचवायची, ब्रेक एकदम दाबायचा नाही, पेडल मारणे थांबवून मागच्याला दचकवायचे नाही, आणि आपली पाळी संपली की डोके वळवून पाहून मगच बाजूला व्हायचे. हे सर्व ज्यांच्या अंगवळणी नव्हते असे अनेक जण घोळक्यात होते आणि त्यांच्याजवळ राहणे खरोखर धोक्याचे वाटत होते. आयोजकांनी आदल्या दिवशी सूचना दिल्या होत्या, पण पंधरा मिनिटांच्या सूचनांनी हे अंगी येत नाही. शर्यतीच्या आधी दोन रविवार सर्वांसाठी सामूहिक सराव ठेवला, तर पैसे न वाढवता सुरक्षितता वाढेल, असे माझे मत आहे.

यू-टर्नची जागा प्रशस्त होती आणि वळणाआधी ५०० व २०० मीटरवर फलक होते. वळणानंतर मात्र शर्यतीचे रूप पालटले. परतताना वारा बाजूने येत होता. बाजूच्या वाऱ्यात सरळ मागे राहून आडोसा मिळत नाही, तिरके राहावे लागते, आणि रस्त्याची रुंदी संपली की त्या तिरक्या रांगेत ज्यांना जागा मिळत नाही, ते एकेक करून सुटत जातात. आमच्यापैकी दोघांना रांगेत जागा मिळाली आणि दोघांना नाही. येथे आमचा चौथा गडी, जो व्यवसायाने बँकेत कारकून आहे आणि स्वभावाने अतिशय शांत आहे, काहीही न बोलता पुढे आला आणि वाऱ्याच्या बाजूला राहून त्याने क्लबच्या तिसऱ्या सदस्याला पुढच्या रांगेपर्यंत ओढून नेले. त्यानंतर तो स्वतः थकून मागे पडला. सांघिक क्रमवारीत आमची तिसरी वेळ त्याच्यामुळे लागली, आणि निकालाच्या कागदावर हे कुठेही दिसत नाही. रोड रेस पाहणाऱ्याला कंटाळवाणी वाटू शकते. आतून पाहिली तर तिच्यासारखा निःस्वार्थ खेळ मला दुसरा माहीत नाही.

मार्शलांबद्दल मनापासून चांगले लिहायचे आहे. कळमेश्वरला सावनेर आणि गोंडखैरीकडून येणारी वाहतूक आपल्या मार्गाला छेदते आणि तिच्यात जड ट्रकही असतात. सबंध मार्गावरील सर्वांत नाजूक जागा हीच. पुढचा घोळका जाताना आणि येताना, दोन्ही वेळा तिथे पोलीस आणि स्वयंसेवक मिळून चारही बाजू अडवून उभे होते. एक तरुण स्वयंसेवक दुचाकीवरच्या माणसाला हात जोडून सांगत होता, "भाऊ, सायकली येऊन राहिल्या, दोन मिनिटं थांबा न," आणि तो माणूस गाडी बंद करून थांबला. या दोन वाक्यांच्या जोरावर आम्ही वेग कमी न करता चौक ओलांडला. अशा स्वयंसेवकाला दिलेले मानधन, जेवण आणि गरम जॅकेट यांवर आयोजकांनी अधिक खर्च करावा आणि पदकांवर कमी करावा.

पाण्याची व्यवस्था समाधानकारक होती, परंतु तिच्यात मॅरेथॉनचा विचार डोकावत होता. टेबलावर पाण्याचे पेले मांडून ठेवले तर धावणारा ते उचलू शकतो, सायकलस्वाराला मात्र थांबावे लागते. पुढच्या गटातील कोणीही थांबले नाही, सर्वांनी आपापल्या दोन बाटल्यांवर भागवले. थंडीमुळे ते शक्य झाले. फेब्रुवारीच्या अखेरीस हीच शर्यत घेतली असती, तर ते शक्य झाले नसते. लांब, सरळ आणि किंचित चढाच्या जागी स्वयंसेवकांनी हात लांब करून बाटल्या देणे ही यासाठीची रूढ पद्धत आहे आणि ती शिकवायला तासभर पुरतो. मागच्या गटांना मात्र टेबलांचा उपयोग झाला. केळी, चिक्की आणि सोललेल्या संत्र्याच्या फोडी तिथे होत्या. संत्री सोलून ठेवण्याची कल्पना ज्याची असेल त्याचे कौतुक वाटते, कारण हातमोजे घातलेल्या माणसाला संत्रे सोलता येत नाही.

दुरुस्तीची गाडी घोळक्याच्या मागे होती. तिच्यात डिस्क आणि रिम अशा दोन्ही ब्रेकची चाके होती. आमच्याच क्लबच्या एका सदस्याचे मागचे चाक पंक्चर झाले, तेव्हा गाडी दीड-दोन मिनिटांत पोहोचली आणि मेकॅनिकने चाक बदलून त्याला ढकलून मार्गाला लावले. रुग्णवाहिका दोन होत्या, एक पुढे आणि एक मागे, आणि दोन्हींत डॉक्टर होते. या बाबतीत कोणतीही उणीव काढता येणार नाही.

आता निकालाकडे येतो. येथे आयोजकांची मूळ समजूतच चुकीची होती. प्रत्येकाच्या बिबच्या मागे चिप होती आणि सुरुवातीच्या व शेवटच्या रेषेवर तिची नोंद घेणाऱ्या पट्ट्या अंथरलेल्या होत्या. निकाल लावताना प्रत्येकाने सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासून शेवटची रेषा ओलांडेपर्यंतचा वेळ धरला गेला. मॅरेथॉनमध्ये हे न्याय्य आहे, कारण हजारो लोकांमध्ये मागे उभ्या असलेल्याला रेषेपर्यंत यायलाच काही मिनिटे लागतात. रोड रेसमध्ये ते सर्वस्वी चुकीचे आहे. येथे जो रेषा आधी ओलांडतो तो पुढे, एवढाच नियम आहे, आणि तोही पुढच्या चाकाच्या टायरची पुढची कड रेषेला कधी लागली, यावर ठरतो. घोळक्यात दहा सेकंद मागून सुरुवात करणाऱ्याचे काहीही नुकसान झालेले नसते, कारण पायलट गाडीच्या मागे तो आपोआप सर्वांना येऊन मिळतो. परिणामी आमच्या गटात रेषेवर तिसरा आलेला स्पर्धक निकालात पाचवा लागला, आणि ज्यांना त्याने सर्वांसमोर स्प्रिंटमध्ये मागे टाकले होते ते त्याच्या पुढे गेले. शिवाय चिप पाठीवर होती. ताशी ४५ किलोमीटर वेगाने सायकल सेकंदाला साडेबारा मीटर जाते. पुढचे चाक आणि पाठ यांत मीटरभराचे अंतर धरले, तर सेकंदाच्या बाराव्या भागाइतका फरक पडतो आणि स्प्रिंटमध्ये याहून कमी फरकाने क्रमांक ठरतात. शेवटच्या रेषेवर, रेषेच्या अगदी सरळीत, तिवईवर एक कॅमेरा लावून त्याचे चित्रण पाहून पहिले दहा क्रमांक ठरवणे हा साधा आणि स्वस्त उपाय आहे. तक्रार केल्यावर आयोजकांनी ती शांतपणे ऐकून घेतली, चित्रीकरण तपासले आणि आठवडाभरात पुरुष गटाचा निकाल दुरुस्त केला. त्यांच्या या प्रामाणिकपणाची नोंद घ्यायलाच हवी. मात्र बक्षिसे त्याच दिवशी वाटून झाली होती आणि व्यासपीठावर उभे राहण्याचा जो क्षण त्या तरुणाचा होता, तो दुरुस्त निकालाने परत मिळत नाही.

महिलांच्या गटाचा प्रश्न याहून गंभीर आहे. महिलांना पुरुषांच्या घोळक्यामागे केवळ दोन मिनिटांनी सोडले होते. पुरुषांच्या गटातून मागे पडलेले स्पर्धक लवकरच महिलांमध्ये मिसळले आणि कोणत्या महिलेला कोणत्या पुरुषाचा आडोसा मिळाला, यावर शर्यत फिरली. आमच्या क्लबमधील ताई, ज्या आमच्यातील अनेकांपेक्षा उत्तम चढ चढतात, वळणापर्यंत पहिल्या तिघींत होत्या. परतताना एक स्पर्धक आपल्या ओळखीच्या दोन पुरुषांच्या मागे राहून निघून गेली. तिने कोणताही लिखित नियम मोडला नाही, कारण नियमपत्रात दुसऱ्या गटाच्या स्पर्धकाचा ड्राफ्ट घेऊ नये, असे म्हटलेलेच नव्हते. दोष त्या स्पर्धकाचा नाही, नियमपत्राचा आहे. महिलांची शर्यत किमान वीस मिनिटांच्या अंतराने, किंवा पुरुषांच्या आधी सोडावी, तिच्यासोबत स्वतंत्र मोटारसायकलवर पंच द्यावा आणि दुसऱ्या गटाचा आडोसा घेण्यास स्पष्ट मनाई असावी. ताईंनी शांतपणे एवढेच म्हटले, की आम्हाला आमची स्वतःची शर्यत द्या, मग त्यात मी दहावी आले तरी चालेल. बक्षिसांची रक्कम दोन्ही गटांना सारखी होती, ही गोष्ट चांगली आहे. परंतु समान बक्षिसाला अर्थ यायचा तर शर्यतही तितक्याच काळजीने चालवावी लागते.

माझा सर्वांत मोठा आक्षेप शेवटच्या सायकलस्वारांबद्दल आहे. नियमपत्रात रस्ता सकाळी साडेदहापर्यंत बंद राहील आणि त्याच वेळेपर्यंत शर्यत पूर्ण करता येईल, असे लिहिले होते. आमच्या क्लबमधील एक शिक्षिका हायब्रिड गटात, आयुष्यातील पहिल्याच शर्यतीत उतरल्या होत्या. त्या साडेनऊच्या सुमारास परतीच्या वाटेवर कळमेश्वरच्या चौकात पोहोचल्या, म्हणजे मुदतीच्या आत आणि अगदी आरामात, तेव्हा तिथे एकही स्वयंसेवक नव्हता. वाहतूक पूर्ण सुरू झालेली होती. बिब लावलेल्या या शिक्षिका सायकलवरून खाली उतरल्या आणि ट्रकांच्या मधून हाताने सायकल ढकलत त्यांनी चौक पार केला. बाजूला उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी त्यांना सहज सांगितले, "रेस तर संपली न मॅडम." पुढचे विजेते आले, बक्षीस समारंभाची तयारी सुरू झाली आणि चौकातली माणसे हळूहळू मैदानाकडे निघून आली, असे नंतर कळले. शेवटच्या स्पर्धकामागे चालणारी स्वीप गाडीही तोवर त्यांच्या पुढे निघून गेली होती. स्वीप गाडीचे काम शेवटच्या माणसाच्या मागे राहणे हे आहे. ती पुढे गेली, की मागे उरलेला प्रत्येक जण नेहमीच्या वाहतुकीतला एकटा सायकलस्वार होतो, आणि तोही थकलेला, रस्ता बंद आहे अशा समजुतीने चालवणारा. सुदैवाने काही विपरीत घडले नाही. पण पहिल्यांदा शर्यतीला आलेल्या, शुल्क तितकेच मनापासून भरलेल्या माणसाला असा अनुभव देणे मला अक्षम्य वाटते. यावर उपाय अवघड नाही. प्रत्येक चौकातील प्रमुखाकडे निघालेल्या स्पर्धकांची संख्या असावी, जाताना आणि येताना मोजणी व्हावी, आणि स्वीप गाडीने प्रत्यक्ष येऊन निरोप दिल्याशिवाय कुणीही जागा सोडू नये.

शर्यतीनंतरची सोय साधी आणि चांगली होती. तर्री पोहे गरम होते, तर्रीत हरभरे भरपूर होते आणि तिखट सोसत नसणाऱ्यांसाठी साधे पोहे वेगळे ठेवले होते. घामाने मीठ गेलेल्या शरीराला त्या वेळी तर्रीइतके दुसरे काही गोड लागत नाही. चहाही वेळेवर मिळाला. महिलांसाठी स्वच्छतागृहे मात्र अपुरी होती आणि सुरुवातीच्या आधी तिथे लांब रांग लागली होती. सायकली ठेवण्यासाठी पहारा असलेली जागा होती, हे विशेष नमूद करतो, कारण लाखाच्या घरातली सायकल कुंपणाला टेकवून पोहे खाणे कुणालाच जमत नाही.

ज्यांना घोळक्यात चालवण्याचा सराव आहे आणि ज्यांच्या क्लबमधून किमान तीन-चार जण एकत्र उतरू शकतात, त्यांनी या शर्यतीत अवश्य भाग घ्यावा. विदर्भात या प्रकारचा अनुभव एवढ्या शुल्कात आणि एवढ्या चांगल्या रस्त्यावर मिळणे दुर्मीळ आहे. २८ मिलिमीटरचे टायर लावावेत, हवा थोडी कमी ठेवावी आणि दोन बाटल्या भरून निघावे. ब्रेव्हे करणाऱ्यांनी आपली चिकाटी पुरेशी आहे असे समजू नये, आधी एखाद्या क्लबच्या रविवारच्या सरावात काही आठवडे पेसलाइनमध्ये, म्हणजे पाळीपाळीने पुढे येत एका रांगेत, चालवावे. महिला स्पर्धकांनी नोंदणीपूर्वी सुरुवातीच्या वेळांचे अंतर विचारून घ्यावे. अगदी नवख्यांना मी सध्या तरी ही शर्यत सुचवणार नाही, आणि हे लिहिताना मला वाईट वाटते, कारण नवख्यांसाठीच तर हायब्रिड गट ठेवलेला आहे.

आमच्या क्लबने या सर्व मुद्द्यांचे पत्र आयोजकांना दिले आहे. त्यांचे उत्तर आले असून महिलांची सुरुवात वेगळी करण्यास आणि कॅमेऱ्यावरून क्रमांक ठरवण्यास त्यांनी मान्यता दिली आहे. चौकांतील मनुष्यबळ अपुरे पडले, हेही त्यांनी कबूल केले. त्यावर पुढील वर्षी कळमेश्वरच्या चौकासाठी स्वीप गाडी येईपर्यंत थांबणारे स्वयंसेवक आमच्या क्लबमधून देण्याचे आम्ही कळवले आहे. शर्यतीत न उतरणाऱ्या सदस्यांची नावे ठरली आहेत आणि त्या शिक्षिका हायब्रिड गटात पुन्हा नाव नोंदवणार आहेत.